गडग्यापलीकडचा माणूस : वैऱ्यावर प्रीती करायची म्हणजे नेमकं काय करायचं

आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेनंतर तासभर नव्या विश्वासणाऱ्यांचा वर्ग असतो. येशूचं डोंगरावरचं प्रवचन सुरू असलं आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं ४४ वं वचन आलं, की वर्ग अडतो. आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा, छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच, "म्हणजे त्याने गडगा सरकवला तरी मी गप्प बसायचं?"

हा प्रश्न कोकण किनाऱ्यावरचाच आहे. गडगा म्हणजे दोघांच्या जमिनींमधली दगडी भिंत. आपल्याकडे वैरी परदेशात नसतो, शेजारच्या परड्यात असतो. एकाच सातबाऱ्यावर त्याचं नाव असतं, एकाच विहिरीवर त्याचा पंप असतो, पणजोबा एकच असतात. म्हणून हा लेख नव्याने विश्वासात आलेल्यांसाठी लिहितो आहे. मी पाळक नाही. बागायत करतो आणि वर्ग घेतो. चुलतभावाशी माझं बारा वर्षं बोलणं बंद होतं, त्या काळात जे हाताला लागलं तेच सांगणार आहे.

एक गोष्ट आधी. 'दावा' या शब्दाचे आपल्या भाषेत दोन अर्थ आहेत. कोर्टात मांडतात तो दावा, आणि मनात धरतात तोही दावाच. 'दावा साधला' म्हणजे सूड उगवला. दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात राहतात, म्हणून आपल्याला वाटतं की एक सोडायचा तर दुसराही सोडावा लागेल, आणि पहिला धरून ठेवायचा तर दुसराही उराशी बाळगावा लागेल. प्रभूने मनातला दावा सोडायला सांगितलं आहे. हक्काचं काय करायचं ते पुढे येईलच.

पहिली पायरी : नाव लिहा, कृत्य लिहा

वही घ्या. ज्याचं नाव ऐकलं की पोटात आवळतं, त्याचं नाव लिहा. एकच. खाली त्याने काय केलं ते एका ओळीत लिहा, जसं पंचनाम्यात लिहितात तसं. 'तो नालायक आहे' हे कृत्य नव्हे. '२००९ च्या पावसाळ्याआधी त्याने विहिरीकडे जाणारी पायवाट काटे टाकून बंद केली' हे कृत्य.

हे कशाला, असं वर्गात विचारतात. कारण वैर वाढतं ते मोघमपणावर. मी बारा वर्षं गावात सांगत फिरलो की त्याने आमची दोन हात जमीन खाल्ली. पुढे सरकारी मोजणी झाली तेव्हा गडगा आमच्या हद्दीत एक हात आत निघाला. एक हातही चूकच, पण बारा वर्षं मी दोन हात सांगत होतो, आणि सांगता सांगता माझा त्यावर विश्वास बसला होता. ज्या माणसाबद्दल आपण खरं बोलत नाही त्याच्यावर प्रीती करता येत नाही, हे मला त्या दिवशी मोजणीच्या नकाशावर दिसलं.

नाव लिहिताना समाजाचं, पक्षाचं, वाडीचं नाव लिहू नका. 'ते लोक' हा वैरी नव्हे. त्याला भाकर देता येत नाही, त्याच्या आजारपणात जाऊन बसता येत नाही. आणि ज्याने फक्त चिडवलं, उधारी थकवली, लग्नाला बोलावलं नाही, त्यालाही या यादीत घालू नका. त्याला नुसतं सोडून द्या.

दुसरी पायरी : वचन पुरतं वाचा

एक वचन तोडून वाचलं की ते एकतर गोड वाटतं, नाहीतर अशक्य. तीन उतारे सलग वाचा : मत्तय ५ : ३८ ते ४८, लूक ६ : २७ ते ३६, रोमकरांस पत्राचा बारावा अध्याय १४ पासून शेवटपर्यंत. आठवडाभर रोज वाचा, मोठ्याने.

वाचताना ऐकणारे कोण होते ते डोळ्यांपुढे आणा. गालील सरोवराच्या काठचे कोळी, शेतकरी, मजूर. रोमचा शिपाई रस्त्यात कुणालाही धरून ओझं वाहायला लावू शकत असे. आपल्या मराठी शास्त्रात त्या ठिकाणी 'वेठ' हा शब्द आला आहे, आणि कोकणात तो वेगळा समजवावा लागत नाही. खोतांची, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारांची, वेठ आपल्या आज्यापणज्यांनी केली आहे. खोती कायद्याने रद्द व्हायला १९४९ साल उजाडावं लागलं. अशा माणसांना प्रभू म्हणाला की वेठीला धरून एक कोस नेलं तर दोन कोस जा. पहिला कोस शिपायाच्या हुकमाचा असतो. दुसऱ्या कोसाला चालणारा आपल्या मर्जीने चालतो, त्याच्यावर आता शिपायाची सत्ता नसते. हे मला फार उशिरा कळलं.

प्रभूच्या बारा जणांतही पाहा. कफर्णहूमच्या नाक्यावर जकात घेणारा मत्तय होता, आणि रोमविरुद्ध पेटलेल्यांपैकी शिमोन जिलोतही होता. एकाच ताटाशी दोघं बसत. प्रीतीचा धडा शिकवण्याआधी प्रभूने वैरी शेजारी शेजारी बसवले होते.

आणखी एक. 'वैऱ्याचा द्वेष कर' असं मोशेच्या नियमशास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही. लोक तसं म्हणत, एवढंच. उलट निर्गमच्या २३ व्या अध्यायात सांगितलं आहे की वैऱ्याचा बैल किंवा गाढव भटकताना दिसलं तर त्याच्याकडे नेऊन पोचव, आणि ते ओझ्याखाली पडलेलं दिसलं तर सोडवायला हात लाव. तिथे मनाबद्दल एक शब्दही नाही. बैल आहे, दावं आहे, आणि वैऱ्याच्या घरापर्यंतची वाट आहे.

ऊन आणि पाऊस देव चांगल्या-वाईटांवर सारखाच पाठवतो, हे मत्तयाच्या त्याच उताऱ्यात पुढे येतं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो गडग्याच्या दोन्ही बाजूंना पडतो, आणि पलीकडचं भातही माझ्याइतकंच हिरवं होतं. श्रावणात हे बघताना मला राग यायचा. माझ्या शेजाऱ्याच्या भातावर पाऊस पाडणाऱ्या बापाचा मुलगा व्हायला प्रभू मला सांगत होता.

तिसरी पायरी : प्रार्थना, पण खरी

पहिल्या आठवड्यात आशीर्वाद मागायचा प्रयत्न करू नका. खोटं बोलल्यासारखं होईल, आणि देवापुढे खोटं बोलण्याची सवय लागेल. आधी गाऱ्हाणं घाला. स्तोत्रसंहिता गाऱ्हाण्यांनी भरलेली आहे. ५५ वं स्तोत्र जवळच्या मित्राने केलेल्या दगाफटक्याचं आहे, १०९ वं तर इतकं कडक आहे की मोठ्याने वाचताना जीभ अडखळते. ती तिथे आहेत याचा अर्थ तुमचा संताप देवाला नवा नाही. जे गावात ओकता ते त्याच्यापुढे ओका. तिथे ते कुणाला जाळत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून नाव घ्या. एवढंच म्हणा : प्रभू, हा अमुक. तुला माहीत आहे. आमेन. अर्धं मिनिट लागतं. वेळ ठरवा. मी पहाटे बंबात लाकडं सारताना नाव घेत असे, म्हणजे विसरायची सोय नव्हती.

तिसऱ्या आठवड्यापासून त्याच्या गरजेसाठी मागा. त्यासाठी त्याची गरज काय ते माहीत हवं, आणि इथेच काम सुरू होतं. त्याला मधुमेह आहे का? मुलगा मुंबईला नोकरीच्या शोधात आहे का? मोहोर करपल्यावर बँकेचा हप्ता कसा भरला असेल? मी हा विचार बारा वर्षांत एकदाही केला नव्हता. त्याच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं हे मला वाडीतल्या शेंबड्या पोराकडून कळलं.

एका प्रार्थनेपासून सांभाळा : 'प्रभू, त्याला सद्बुद्धी दे.' ऐकायला चांगली वाटते, पण बहुतेक वेळा ती प्रार्थनेचा झगा घातलेली तक्रारच असते. सद्बुद्धी मागायचीच तर दोघांसाठी मागा आणि आधी आपलं नाव घ्या. तसंच, तो पडावा, त्याचं वाटोळं व्हावं, मग त्याला कळेल, असं मागणं आपल्या लोकांच्या जिभेवर सहज येतं. ज्या घरात जन्मलो तिथे कुणी कुणावर देवाला गाऱ्हाणं घालत असेलही. ती रीत प्रभूचं नाव लावून इथे आणू नका.

चौथी पायरी : जीभ

ही पायरी लहान आहे, पण बरेच जण इथेच घसरतात. सहा आठवडे त्या माणसाबद्दल तिऱ्हाइताशी वाईट बोलायचं नाही. न्हाव्याकडे नाही, मासळीबाजारात नाही, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही, मंडळीत तर नाहीच. त्याला ठेवलेलं टोपणनाव बंद करा, बायकोशी बोलतानाही. विषय निघाला तर 'ते चालू आहे, बघू' म्हणा आणि भाताच्या भावाकडे वळा.

वकिलाशी, तलाठ्याशी, पाळकांशी किंवा फादरांशी जे बोलायला लागतं ते बोला. ते चुगली नव्हे.

साप डूख धरतो म्हणतात. साप धरत असेल नसेल, माणूस मात्र धरतो, आणि डुखाला खाणं लागतं ते बोलण्याचंच.

पाचवी पायरी : हाताने काहीतरी करा

नवे विश्वासणारे इथे वाट बघत बसतात. मनात प्रेम येऊ दे, मग जातो, म्हणतात. मन येत नाही. मी सांगतो, ते मागून येतं, आणि कधी कधी फारच मागून येतं. प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिताना नीतिसूत्रांच्या २५ व्या अध्यायातलं जे वचन घेतलं त्यात भूक आणि तहान आहे, खायला घाल आणि प्यायला दे आहे. प्रभूने वापरलेला प्रीतीचा शब्दही दुसऱ्याचं भलं करायला उठण्याचा आहे. तो माणूस आवडलाच पाहिजे असं त्यात नाही.

फार मोठं करू नका. एसटी स्टँडवर तोंड फिरवायचं थांबवा. समोरून आला तर मान हलवा. त्याच्या घरात मर्तिक झालं तर जा, पंधरा मिनिटं मागे उभे राहा आणि या. त्याची गुरं तुमच्या कलमांत शिरली तर दगड न मारता हाकलून त्याच्या अंगणापर्यंत पोचवा. निर्गमातला बैल तो हाच.

दर्यावर जाणाऱ्या भावांना हे शिकवायला लागत नाही. पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या घेरदार जाळ्यांनी मासे धरणारे, आणि पारंपरिक मच्छीमार यांचा वाद किती कडवट आहे ते किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. पण वाऱ्यात इंजिन बंद पडलेली होडी दिसली की आधी दोर टाकतात, मग होडी कुणाची ते बघतात. बंदरावर आल्यावर तक्रार तशीच उभी राहते. दोर टाकायचा तो टाकला जातो. मला वैऱ्यावरची प्रीती यापेक्षा चांगली कुणी समजावलेली नाही.

माझ्या हातून झालं ते वादळाने. १६ मे २०२१ ला तौक्ते आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. रात्रभर माड वाकत होते. सकाळी पाहिलं तर आमची ओळीने लावलेली चार कलमं मुळासकट आडवी, आणि गडग्यापलीकडे चुलतभावाच्या घराची समुद्राकडची कौलं गेलेली. माजघर उघडं पडलं होतं. वीज गेलेली, फोन बंद, पाऊस थांबायचं नाव नव्हतं. माझ्याकडे दोन ताडपत्र्या होत्या. एक गोठ्याला लागणार होती. दुसरी मी अर्धा तास हातात घेऊन पडवीत उभा होतो. प्रेम वगैरे काही वाटत नव्हतं. रोज पहाटे घेतलेलं त्याचं नाव तेवढं तोंडात होतं. शेवटी गडगा ओलांडून गेलो, ताडपत्री खाली ठेवली आणि शिडी धरली. त्याचा मुलगा वर चढला. चुलतभाऊ खाली उभा राहून दोर देत होता. दोन तास काम केलं, त्यात 'ओढ' आणि 'सोड' याखेरीज शब्द नाही. मी परत आलो. त्याने थांबवलं नाही, मी थांबलो नाही.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, अशी मदत करू नका की समोरचा मिंधा होईल. महागडी भेट, चारचौघांत दिलेले पैसे, हे त्याच्या तोंडावर मारल्यासारखं असतं. दोन, हे मंडळीत साक्ष म्हणून सांगायला उभे राहू नका, निदान तो माणूस ओळखू येईल असं तर मुळीच नको. आपली गावं लहान आहेत. रविवारी दिलेली साक्ष सोमवारी त्याच्या ओटीवर पोचते, आणि ताडपत्री तुम्ही कुणासाठी नेली होती याचा त्याला संशय येतो. मी हे आज नावं-गावं गाळून लिहितो आहे ते त्याला विचारून.

सहावी पायरी : बोलायला जा, आधी आपलं घेऊन

मत्तयाच्या १८ व्या अध्यायात क्रम दिला आहे : आधी एकट्याने जा, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळी. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. आधी गावाला कळतं, मग बैठक बसते, आणि ज्याच्याशी भांडण त्याच्याशी शेवटपर्यंत कुणी बोलत नाही.

पण त्याहून आधीचं एक वचन आहे, मत्तय ५ : २३-२४. वेदीपुढे अर्पण आणलंस आणि तिथे आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जा. नीट वाचा. त्याने तुमचं काय केलं ते आठवलं, असं तिथे लिहिलेलं नाही. तुम्ही त्याचं काय केलं, ते.

म्हणून वहीत दुसरी ओळ लिहा. मी काय केलं? माझ्या ओळीला मला तीन महिने लागले. त्याच्या थोरल्या मुलाला नोकरीवर घेण्याआधी एक माणूस गावात चौकशीला आला होता. मला विचारलं तेव्हा मी चार शब्द वाईट बोललो. मुलगा चांगला होता. नोकरी गेली. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, घरातही नाही.

जायची वेळ निवडा. गणपतीत आणि शिमग्यात नको, घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं आणि प्रत्येकाला मत असतं. कुणी प्यायलेलं असताना नको. मी तुळशीच्या लग्नानंतरच्या एका दुपारी गेलो, भात झोडून झालं होतं तेव्हा. तो अंगणात सुपारी सोलत होता. "इलंस? बस," म्हणाला. मी पायवाटेचा विषय काढला नाही. मुलाच्या नोकरीचं सांगितलं, जसं झालं तसं, 'पण' न लावता. तो बराच वेळ सुपारी सोलत राहिला. मग म्हणाला, "ता माका तेव्हाच कळलेला."

बारा वर्षं त्याला माहीत होतं. पायवाटेवरचे काटे त्या चौकशीनंतर पंधरा दिवसांनी पडले होते. दोन्ही गोष्टींची तारीख माझ्या घरातच होती, मी त्या कधी शेजारी ठेवल्या नव्हत्या.

सगळ्यांचं असं निघेलच असं नाही. काही वैरं अगदी एकतर्फी असतात आणि तुमच्या वहीत दुसरी ओळ खरोखर कोरी राहते. तेव्हा ओढूनताणून स्वतःचा दोष शोधू नका. काय झालं, तुम्हाला काय सोसावं लागलं, पुढे काय हवं आहे, हे तीन वाक्यांत सांगा आणि उठा.

घरचेच विरोधात गेले असतील तर

नव्या विश्वासणाऱ्यांचं खरं दुखणं कित्येकदा हे असतं. आई बोलत नाही, भावाने ताट वेगळं केलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांचं घर दुभंगलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, आपल्या बुद्धीने आणि आपल्या वेळेला. वाट पाहणं हीसुद्धा प्रीतीच आहे. आईने दार लावलं तर तिच्या औषधाचे पैसे थांबवू नका. घरच्या देवाधर्माला नावं ठेवू नका. सणाला बोलावलं तर भांडण न काढता जेवढं तुमच्या विवेकाला पटतं तेवढं करा. आणि त्यांना वैरी म्हणू नका. त्यांना वाटतं आहे की माणूस हातचा गेला, आणि ते रडण्याजोगंच आहे.

सातवी पायरी : हक्काचं काय

आता मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे. गप्प बसायचं का?

महायाजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा प्रभूने विचारलं, मी वाईट बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? योहान १८ : २३. पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने रोमी नागरिकत्व पुढे केलं, आणि पुढे कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली. दोघांनीही अन्यायाला अन्याय म्हटलं. दोघांनीही सूड घेतला नाही.

म्हणून सांगतो. हद्दीचा वाद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. वहिवाटीचा रस्ता किंवा पाणी अडवलं असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, पण अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मी ती मुदत रागारागात घालवली, म्हणून मला दिवाणी कोर्टात जावं लागलं. दावा आधीच चालू असेल तर लोकअदालतीत तडजोडीची विनंती करता येते. तिथे झालेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नसतं, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. दोघंही विश्वासणारे असाल तर मात्र कोर्टाआधी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांपुढे बसा. करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय त्यासाठीच आहे.

गावकीने वाळीत टाकलं असेल तर ते प्रीतीने निमूट सोसायचं दुखणं नाही, गुन्हा आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. पोलीस ठाण्यात तक्रार करा, आणि ज्यांनी वाळीत टाकलं त्यांची नावं सकाळच्या प्रार्थनेतही घ्या.

आणि ज्या बहिणीला नवरा मारतो तिला, कृपा करून, कुणीही दुसरा गाल सांगू नका. मी हे मंडळ्यांत ऐकलं आहे आणि ऐकताना मान खाली गेली आहे. दावीद गुहेत लपलेला असताना त्याच्या जिवावर उठलेला राजा शौल त्याच्या हातात सापडला होता. दाविदाने त्याच्या झग्याचा काठ कापला, त्याला मारलं नाही. शौल रडला, माझा मुलगा म्हणाला. तरीही दावीद त्याच्याबरोबर घरी गेला नाही, आपल्या माणसांना घेऊन गडावर गेला. पहिल्या शमुवेलाचा २४ वा अध्याय, शेवटचं वचन. क्षमा केलेल्या माणसापासूनही सुरक्षित अंतरावर राहता येतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२ आहे.

ग्लॅडिस स्टेन्स यांचं नाव तुम्ही ऐकाल. ओडिशातल्या मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये त्यांचे पती ग्रॅहम आणि मुलगे फिलिप आणि टिमथी यांना गाडीत जाळून मारलं. मुलं दहा आणि सहा वर्षांची होती. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि कुष्ठरोग्यांमधलं काम पुढे चालवलं. खटला मात्र आपल्या वाटेने चालला आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. क्षमेने खटला थांबला नाही, आणि खटल्याने क्षमा खोटी ठरली नाही.

आठवी पायरी : पुन्हा राग येईल तेव्हा

येणारच. ताडपत्रीनंतर दोन महिन्यांनी त्याच्या पंपाच्या आवाजाने मी मध्यरात्री उठून बसलो आणि सगळं पहिल्यासारखं उसळलं. मला वाटलं, आपलं सगळं ढोंग होतं. पाळक म्हणाले, क्षमा किती वेळा करायची ते प्रभूने सांगितलं, सत्तर वेळा सात वेळा, हे एकाच अपराधासाठीही मोज. एकच जखम, पण ती जितक्यांदा आठवेल तितक्यांदा नव्याने सोडायची. तेव्हा वहीतली पहिली ओळ काढा, खरं तेवढंच वाचा, आणि पुन्हा तिसऱ्या पायरीपासून धरा.

या दिवसांत मी दोन माणसं आठवतो. एक आपल्या किनाऱ्याचे, वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत ते होते. त्यांच्याबरोबरच्या पॉल मिकी यांनी क्रुसावरूनच मारणाऱ्यांना क्षमा केली. दुसरी सिस्टर सेल्मी. त्यांची बहीण सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात सावकारी पाशातल्या गरिबांसाठी काम करायची. २५ फेब्रुवारी १९९५ ला बसच्या प्रवासात तिच्यावर चाकूचे वार करून तिला मारलं. सेल्मी २००२ साली तुरुंगात गेल्या आणि मारेकऱ्याला राखी बांधली. मधे सात वर्षं गेली होती. वर्गात मी ही सात वर्षं मुद्दाम सांगतो, कारण नवे लोक सात दिवसांत खचतात.

पण सुरुवात तिथून करू नका. गडग्यापासून करा.

तो बदलला नाही तर

तर नाही. ते तुमच्या हातात नव्हतंच. पौलही म्हणतो, साधेल तर, तुमच्याकडून होईल तितकं. तुमच्या बाजूचं दार उघडं ठेवा आणि आपल्या कामाला लागा.

आमची पायवाट अजून बंद आहे. गडगा मोजणीप्रमाणे एक हात मागे घ्यायला तो तयार झाला, पायवाटेचं मात्र त्याचं म्हणणं वेगळं आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात अगदीच तथ्य नाही असंही नाही. दावा चालू आहे. तारखेला तालुक्याला जायला सकाळची एकच एसटी सोयीची पडते. आधी तो ड्रायव्हरच्या मागे बसायचा आणि मी शेवटच्या बाकावर. गेल्या पावसाळ्यात गाडी भरलेली होती. त्याने शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाला, "हय बस." घाट उतरेपर्यंत तो गुडघ्यांबद्दल बोलत होता. कोर्टात आपापल्या वकिलाशेजारी उभे राहिलो. परतताना दोन तिकिटं मी काढली. पुढची तारीख नारळी पौर्णिमेनंतरची आहे, तेव्हा त्याची पाळी.